काही हलवू नका

प्रामाणिकपणा ही माणसाची खरी ठेव, असं म्हणतात. आमच्या घरात ही ठेव पिढ्यानपिढ्या साठत आली होती आणि तिचा विमा काढायचं कुणाला कधी सुचलं नव्हतं. विमा होता तो गिरणीच्या छपराचा. तोही एजंट आत्याचा लांबचा दीर लागत होता म्हणून.

गिरणी म्हणजे घराला चिकटून उभी असलेली एक खोली. चार भिंती, वर पत्रे, पत्र्यांखाली वासे, मधून जाणारं जाडजूड आढं, आणि खाली पट्ट्यावर फिरणारे दोन दगड. त्या खोलीला स्वतःचा असा रंग नव्हता. जे होतं ते पिठाने पांढरं करून टाकलेलं. कोळ्याची जाळीसुद्धा पांढरी, सुतळीसारखी जाड. बाबा सकाळी सावळे आत जायचे आणि दुपारी पांढरे बाहेर यायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील असे दोन रंगांत मिळतात.

गिरणीत नियम एकच होता: डबा हलवायचा नाही. ज्याने जिथे डबा ठेवला तिथे त्याचा नंबर. मग मालक घरी जाऊन झोपो, रानात जावो, नाहीतर कुणाशी भांडत बसो. एकदा एक बाई धान्याचा डबा रांगेत ठेवून गेली आणि तिकडूनच लेकीच्या बाळंतपणाला निघून गेली. डबा रांगेच्या मधोमध उभा. पुढचे सरकले, मागचे त्याला वळसा घालून गेले, पण डब्याला कुणी बोट लावलं नाही. नातू चांगला बाळसं धरून झाल्यावर बाई परत आली. बाबांनी सगळ्यांच्या आधी तिचं दळण घेतलं आणि वर म्हणाले, "तुमचाच नंबर होता. जरा उशीर झाला."

लोक हसले. पण त्यानंतर गावात कुणी म्हणालं नाही, की गिरणीत वशिला चालतो.

तर त्या वर्षी उन्हाळा संपता संपता एका दुपारी वारा सुटला. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो, हे नशीब. आधी पत्रे वाजले, मग वाजायचे थांबले, आणि थांबले ते जास्त वाईट वाटलं. बाहेर येऊन बघतो तर आढं एका बाजूने भिंतीवरून निसटून खाली आलेलं, नेमकं दगडांच्या वरच्या पेटीवर टेकलेलं. वासे एकमेकांच्या अंगावर पडलेले. काही पत्रे आत, काही अंगणात, आणि एक थेट शेजाऱ्याच्या वावरात जाऊन पालथा पडला होता. धान्य सांडलं होतं. त्या सगळ्यावर पीठ अजून हळूहळू खाली बसत होतं, जणू काही झालंच नाही.

आत्या म्हणाली, "बरं झालं, विमा आहे."

हे वाक्य तिला पुढे बरेच महिने ऐकवलं गेलं.

फोन करायचं काम माझ्याकडे आलं. मी कॉलेज करून घरी बसले होते आणि माझ्या शिक्षणाचा घराला तेवढाच उपयोग शिल्लक होता. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवून कोठीवर टेकवला. सगळे भोवती उभे राहिले. बराच वेळ एक धून वाजली, बासरीसारखी, पण बासरी नव्हे. मग एका मुलीचा गोड आवाज आला. तिने आमची तक्रार घेतली, तक्रारीला क्रमांक दिला आणि म्हणाली, "आमचे सर्व्हेअर येऊन पाहणी करतील. तोपर्यंत नुकसान आहे तसंच ठेवा. काही हलवू नका."

बाबांनी मान हलवली, फोनसमोर, जणू ती मुलगी बघत होती.

"ऐकलंत ना?" ते आम्हाला म्हणाले. "हा त्यांचा डबा. आता हात लावायचा नाही."

"दादा, अरे डबा वेगळा आणि छप्पर वेगळं," आत्या म्हणाली.

"ठेवणाऱ्याला वेगळं नसतं."

त्यांनी खडू आणला. आढं भिंतीला जिथे घासून टेकलं होतं तिथे रेघ मारली. वाशांच्या टोकांशी खुणा केल्या. शेजाऱ्याच्या वावरात जाऊन पालथ्या पत्र्याभोवती दगड मांडून आले. शेजारी भला माणूस. त्याने दोनदा त्या पत्र्याला वळसा घालून नांगर मारला. तिसऱ्यांदा मात्र तो बाबांशी बोलला, तेव्हा काही वळसा घातला नाही.

"गिरणीवाले, तुमचा साहेब यायचा कधी?"

"येईल. कामात असेल."

"मग माझं पण काम आहे की. तुम्ही पत्रा न्या, मी तिथे एक दगड उभा करून ठेवतो. साहेब आला की त्याला म्हणा, इथे पत्रा होता."

"आणि तो म्हणाला, हा दगडच आहे, तर?"

शेजारी बैल घेऊन निघून गेला. पत्रा राहिला.

पहिले काही दिवस लोक डबे घेऊन यायचे, पडलेलं छप्पर बघायचे, हळहळायचे आणि विचारायचे, "मग कधी चालू होणार?" बाबा म्हणायचे, "पाहणी झाली की लगेच." हळूहळू लोक रस्त्यावरूनच विचारायला लागले. मग नुसती मान उडवायला लागले. मग त्यांचे डबे सायकलीच्या मागे बांधून पुलाजवळच्या गिरणीकडे जायला लागले. बाबा ओसरीवर बसून प्रत्येक डबा ओळखायचे. झाकणाला चीर गेलेला, कडी तुटलेली, तेलाचा जुना चौकोनी. माणसं तोंड वळवू शकतात, डब्यांना ते जमत नाही.

घरातलं दळण कुठे न्यायचं, हा प्रश्न होता. गिरणीवाल्याने दुसऱ्याच्या गिरणीत रांगेला उभं राहायचं, म्हणजे न्हाव्याने दाढी वाढवून फिरण्यासारखं. शेवटी आईने माळ्यावरचं जातं खाली काढलं. खुंटा नवा बसवला. सकाळी आई आणि आत्या समोरासमोर पाय पसरून बसायच्या आणि जातं घरघरायला लागायचं. दोघींचे हात एका खुंट्यावर. बोलणं मात्र जन्मभराचं भांडण असल्यासारखं.

"जरा ओढा की वन्सं. नुसता हात ठेवलाय."

"ओढतेय. तुझा भाऊ दळत असता तर एवढी बोलली असतीस का?"

"माझा भाऊ दळत बसला असता तर तुम्ही त्याला चहा करून दिला असता."

त्या वर्षीचं घर मला अजून तसंच्या तसं आठवतं. गिरणीचा आवाज नव्हता, त्यामुळे आम्ही सगळे हळू बोलायला शिकलो. आधी आमच्या घरात ओरडल्याशिवाय कुणी काही मागायचंच नाही. पाहुणे म्हणायचे, ही माणसं सारखी भांडतात. आता आई साध्या आवाजात "मीठ दे" म्हणाली तरी सगळे दचकायचे. आणि बाबा दिवसा घरी दिसायला लागले. रोज आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून. एक दिवस आई त्यांच्याकडे बघतच राहिली.

"तुमच्या भुवया पांढऱ्या झाल्यात."

"पीठ असेल."

"पीठ कुठलं आता?"

बाबांनी आरशात पाहिलं, बोटाने घासून पाहिलं. गेलं नाही. इतकी वर्षं ते पीठ समजून आम्ही कुणी लक्षच दिलं नव्हतं.

फोन मात्र मी करत राहिले. दर वेळी ती धून वाजायची. कधी ती वाजता वाजता फोन तुटायचा, कधी गोड आवाज यायचा आणि म्हणायचा, "आपली तक्रार प्रक्रियेत आहे." बाबा विचारायचे, "म्हणजे कुठे आहे?" मी विचारायचे. ती म्हणायची, "प्रक्रियेत." मुलगी प्रत्येक वेळी वेगळी असावी, पण आत्याच्या मते ती एकच होती आणि तिचं लग्न ठरलं असल्याने तिचं कामात लक्ष नव्हतं.

इतक्या वेळा ऐकून ती धून घरात मुरली. आत्या जात्यावर ती गुणगुणायला लागली. आईने तिला टोकलं तर म्हणाली, "बरी आहे. लय चुकत नाही, दळायला सोपी जाते." मी परवा दाताच्या दवाखान्यात बसले होते तर तिथे तीच धून लागली. शेजारच्या बाईने विचारलं, फार दुखतंय का. मी हो म्हटलं. समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. मला समोर आत्या दिसत होती, हाताला पीठ, कपाळावर बट, आणि आईला सांगत होती की जात्याच्या तोंडात धान्याची वैरण जरा कमी टाक.

एजंटाकडेही बाबा गेले. तो चहाच्या टपरीत होता. बाबांना बघून त्याने कपातला गरम चहा एका दमात संपवला, यावरून तो किती घाईत होता ते कळलं.

"पाहुणे, माझं काम पॉलिसी उतरवायचं," तो म्हणाला. "पुढचं कंपनी बघते."

"कंपनी कुठे बसते?"

"शाखेत जा ना तालुक्याला."

बाबा आणि मी गेलो. काचेचं दार, आत थंडगार, दाराशी पहारेकरी. बाबांनी चपला बाहेर काढल्या. पहारेकरी म्हणाला, "घाला, घाला," आणि मग बाबा त्या घालत असताना त्यांच्याकडे अशा नजरेने बघत राहिला, की काढल्या होत्या तेच बरं होतं. आतल्या माणसाने आमचा क्रमांक यंत्रात घातला.

"ही शाखा फक्त पॉलिसी देते," तो म्हणाला. "क्लेमचं काम इथे होत नाही."

"मग कुठे होतं?"

"फोनवर."

"फोनवरची मुलगी म्हणते, शाखेत विचारा."

"तिला सांगा, शाखा म्हणते फोनवर."

बाबांना यात काही वावगं वाटलं नाही. दोन गिरण्या एकमेकींकडे गिऱ्हाईक पाठवतात म्हणजे दोघींकडे गर्दी असणार, असं त्यांचं म्हणणं. निघताना त्यांनी त्या माणसाला विचारलं, "तोवर काही हलवायचं नाही ना?" तो यंत्रात बघत म्हणाला, "नाही, नाही." घरी येईपर्यंत बाबा खुशीत होते. निरोप पक्का झाला होता.

पाऊसपाण्यात आणखी एक अडचण आली. सांडलेलं धान्य उगवलं. पडक्या पत्र्यांखाली हिरवेगार कोंभ, पार गुडघ्याएवढे. आत्याला ते बघून बरं वाटायचं. बाबांनी एका सकाळी वाकून वाकून सगळं उपटून काढलं, कारण नुकसानीच्या दिवशी ते नव्हतं. आमच्या एका कोंबडीने वाशांच्या आत अंडी घालायला सुरुवात केली. तिला बाबांनी बरंच समजावलं. कोंबडीने कंपनीचं म्हणणं ऐकलेलं नव्हतं. तिला सूट मिळाली.

मग एके रात्री पुन्हा वारा आला आणि सकाळी बघतो तर आढं आणखी खाली घसरलेलं. खडूची रेघ वर एकटी राहिली होती.

आई म्हणाली, "आता तरी काढा. तेवढंच कमी राहिलं होतं."

"हे आपलं नुकसान नाही," बाबा म्हणाले. "म्हणजे आहे, पण त्यांना सांगितलेलं नाही. आपण सांगितलं रेघेपर्यंतचं. जास्त दाखवलं तर ती फसवणूक."

त्यांनी सुताराला बोलावलं. सुतार हा बाबांचा लहानपणापासूनचा सोबती, दोघांची शाळा एकाच वर्षी सुटली होती, एकाच मास्तरांमुळे. त्याने काम ऐकून घेतलं आणि बराच वेळ कानामागची पेन्सिल चाचपत राहिला.

"म्हणजे वर चढवून नीट बसवायचं नाही."

"नाही."

"पूर्वी जसं पडलं होतं तसं पाडून ठेवायचं."

"रेघेवर."

"आयुष्यभर लोकांचं वाकडं सरळ करत आलो. वाकडं वाकड्यासारखं बसवायचं काम पहिल्यांदाच आलंय. याला जास्त डोकं लागतं, बरं का."

दोघांनी दोर बांधला. बाबा खालून खांदा देऊन उभे राहिले, मान आखडलेली. सुतार वरून "अजून, अजून, बास, आता थोडं पाड," असं म्हणत होता. आई दाराशी पदराचं टोक तोंडात धरून उभी. शेवटी आढं रेघेवर आलं, आणि ते पुन्हा घसरू नये म्हणून खाली दोन टेकू दिले. सुतार लांब जाऊन एक डोळा मिटून बघत राहिला.

"झकास पडलंय," तो म्हणाला.

त्यानंतर जेव्हा जेव्हा वारा यायचा, तेव्हा दुसऱ्या सकाळी बाबा खडू आणि दोर घेऊन एक फेरी मारायचे. सरकलेलं जागेवर. निसटलेलं जागेवर. धड उभ्या गिरणीचीही त्यांनी कधी एवढी निगा राखली नव्हती.

एक दिवस पुलाजवळचा गिरणीवाला घरी आला. तरुण होता, नम्र होता, म्हणून जास्त त्रास झाला. म्हणाला, "काका, दगड गुळगुळीत झालेत. पीठ जाड पडतंय. इथे टाकी लावायला तुमच्यासारखा माणूस नाही."

टाकी लावणं म्हणजे दगडावर छिन्नीने बारीक चऱ्या पाडणं. चऱ्या झिजल्या की दगड दळत नाही, नुसता घासतो. बाबांनी छिन्न्या फडक्यात गुंडाळल्या आणि गेले. दिवसभर मांडी घालून, दगड पुढ्यात घेऊन ठोकत बसले. दगडाची बारीक कच उडून त्यांच्या डोळ्यांत जात होती. मी जेवण घेऊन गेले तेव्हा रांगेत आमचीच सगळी गिऱ्हाइकं होती. एका काकूने डबा पदराआड धरला. एवढा मोठा डबा पदराआड जातो कुठे? ती तशीच तिरकी उभी राहिली. बाबांनी वर न बघता विचारलं, "काय, लेक बरी आहे ना?" काकू म्हणाली, "बरी आहे. तुमच्या हातचं पीठ विचारत होती."

"आता इथलंही बारीक पडेल," बाबा म्हणाले.

परत येताना ते घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "दगड चांगला आहे त्याचा. आपल्यापेक्षा जरा मऊ." त्या रात्री आईने त्यांच्या डोळ्यांत दुधाचे थेंब घातले. डोळे लाल होते. कचीमुळे, असं सगळ्यांनी धरून चाललं.

आणि मग, कुणी वाट बघत नसताना, साहेब आला.

भर उन्हात, डोक्यावर हेल्मेट, गळ्यात कॅमेरा. पंचविशीचा असेल. आम्ही इतके महिने त्याला मनात मोठा, टकला आणि कडक ठेवला होता, त्यामुळे थोडी निराशा झाली. आत्याने चहा टाकला. बाबांनी टोपी घातली.

"उशीर झाला," तो म्हणाला. "माझ्याआधी जे होते त्यांनी नोकरी सोडली. त्यांच्याही आधीच्यांनी."

"चालायचंच," बाबा म्हणाले. "सगळं आहे तसं आहे. बघून घ्या."

त्याने बघितलं. फोटो काढले. मग तो टेकूंजवळ वाकला.

"हे टेकू?"

"नंतरचे. आढं घसरत होतं." आणि बाबांनी त्याला सगळं सांगितलं. खडू, रेघ, दोर, सुतार, उपटलेले कोंभ. शेजाऱ्याच्या वावरातला पत्राही नेऊन दाखवला, ज्याच्याभोवती आता पिकात एक छानसं बेट तयार झालं होतं. सांगताना त्यांचा आवाज वर्षभरात पहिल्यांदा गिरणीतल्यासारखा मोठा झाला होता. पोरगा ऐकत होता. लिहीत होता. मध्येच लिहायचा थांबला.

"काका, हे सगळं मला सांगायलाच हवं होतं का?"

"म्हणजे?"

"काही नाही." त्याने चहा घेतला. आत्याला नमस्कार केला. हेल्मेट घालताना म्हणाला, "मी पुष्कळ पडलेली छपरं बघतो. इतकं नीट ठेवलेलं कुठे बघितलं नाही."

बाबा त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

उत्तर मात्र लवकर आलं. त्यात कंपनीने प्रथम खेद व्यक्त केला होता. पुढे असं होतं, की पाहणीपूर्वी विमाधारकाने नुकसानग्रस्त भागाची स्थिती वारंवार बदलल्याचं त्याच्याच सांगण्यावरून स्पष्ट झालं असून, अटींनुसार दावा मंजूर करता येत नाही. मी वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. आई चुलीकडे तोंड करून उभी राहिली. आत्याने कंपनीला, एजंटाला आणि एजंटाच्या आईला, जी तिची चुलत सासू लागत होती, एका दमात घेतलं.

बाबांनी हात वर करून तिला थांबवलं.

"खोटं काय लिहिलंय त्यात?"

"खोटं नाही म्हणूनच तर डोकं फिरतंय," आत्या म्हणाली.

"आपण हलवलं होतं. हो की नाही?"

बाबा उठून ओसरीवर गेले आणि अंधार पडेपर्यंत पडलेल्या गिरणीकडे बघत बसले. रागाने नव्हे. गिऱ्हाईक न सांगता निघून गेल्यावर माणूस रिकाम्या जागेकडे बघतो, तसे. आईने दोनदा जेवायला बोलावलं. तिसऱ्यांदा ती ताट घेऊन तिथेच त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि दोघं एका ताटात जेवले. त्यांना असं जेवताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि नंतरही कधी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबांनी पहिला पत्रा उचलला. सुतार आला. शेजारी बैल सोडून आला, येताना वावरातला पत्रा डोक्यावर घेऊन आला. पुलाजवळचा गिरणीवालाही एक वासा खांद्यावर टाकून आला, नको म्हटलं तरी राहिला. कोंबडी अंड्यांसकट परसात हलवली. आई आणि आत्या खिळे सरळ करत बसल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी छप्पर बसलं, सगळं मिळून काम दीड दिवसाचं. आढं आणि पत्रे जुनेच चालले. खिळे थोडे कमी पडले.